दहाव्याचा पाहुणा

परळ, मुंबई
ता. १९ जानेवारी १९३६

ती. सगुणाबायला धाकट्या भावाचा, दत्तूचा नमस्कार,

तुझ्या नावामागे 'गं. भा.' लिहायला हात गेला होता. पण ती अक्षरं वाचली की आपलंच भूत झाल्यासारखं वाटतं, असं तूच लिहिलं होतंस. म्हणून गाळली. पोस्टमन नाक मुरडेल तर मुरडू दे.

आता खरी बातमी. आमच्या कंपनीचा 'दहाव्याचा पाहुणा' हा बोलपट तंबूवाल्याने उचलला आहे आणि माघ संपायच्या आत तो उरणच्या बाजारात लागतो आहे. पाटीवर 'कथा व संवाद : दत्तात्रेय' असं येतं, ते डोळे भरून बघ. मी नाव ठेवलं होतं 'कावळा शिवला'. मालकांच्या बायकोने ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की या शब्दांचा बायकांत दुसराच अर्थ आहे, आणि भिंतीवर तसं छापलं असतं तर एकही बाई तंबूकडे फिरकली नसती! विनोदी लिहिणाऱ्याची ही अक्कल.

भुताची गोष्ट आहे, भ्यायची तयारी ठेव. हसायचीही ठेव. यापेक्षा जास्त सांगत नाही. विठोबादादांना मात्र ओढून ने. तुझ्या थोरल्या दिरांनी हा बोलपट पाहायलाच हवा, असं मला फार वाटतं.

तुळशी सातवीची फायनल पास झाली हे कळल्यापासून मी पुण्याच्या मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजची चौकशी लावली आहे. जूनमध्ये वर्ग भरतात. गुरुजी असते तर एव्हाना लेकीची पेटी भरून बसले असते.

तुझा
दत्तू


केगाव, उरण
ता. १६ फेब्रुवारी १९३६

चि. दत्तूस,

आशीर्वाद द्यायचे म्हणून देते. मनात वेगळंच आहे.

काल तुझा बोलपट पाहिला. सुरुवातीलाच तळ्याची पाळ, पिंड मांडलेला, कावळे झाडावर आणि एकही खाली येत नाही. मग त्या मेलेल्या आप्पाची एकेक माणसं पुढे येऊन हात जोडतात. मुलगा म्हणतो, दारू सोडीन. पाटील म्हणतो, तुझ्या नावाने विहीर बांधीन. भाऊ छाती पिटून म्हणतो, तुझ्या पोरीला अंतर देणार नाही. लगेच कावळा उतरतो आणि सगळे घरी जाऊन वड्यांवर ताव मारतात.

दत्तू, मी काय आंधळी आहे? दोन वर्षांपूर्वी आपल्याच तळ्यावर, यांच्या दहाव्याला, तू माझ्या पाठीशी उभा होतास. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले होते. तेव्हा भाऊजी पुढे झाले आणि रडत म्हणाले, "तुझ्या तुलशीला मास्तरीन करीन. शिव रं बाबा, शिव." आणि कावळा आला. माझ्या आयुष्यातली ती घटका तू पडद्यावर टांगलीस, आणि वर तिकीट लावलंस.

मग ते भूत! नाकात कापूस घालून जेवायच्या वेळी दारात उभं राहतं आणि पाहुण्यासारखं अदबीने विचारतं, "माझ्या विहिरीचं कुठवर आलं?" दर खेपेला थोडं अधिक कुजलेलं. एकदा तर कानच आमटीत पडतो आणि वहिनी डावाने तो काढून म्हणते, "राहू दे, खारट झाली होतीच." मेलेल्या माणसाची अशी थट्टा? आमचा चांगदेव भगत अर्ध्यात उठला. तुझ्या सिनेमातला भगत भुताला विचारतो, काय घेऊन हे घर सोडशील, आणि भूत म्हणतं, नवं काही नको, जुनं कबूल केलेलं द्या. चांगदेवला ते फार लागलं. अर्धा तंबू हसत होता, अर्धा शिव्या देत होता. कोणीतरी पडद्यावर नारळ फेकला. त्यात बायकांच्या बाजूला एक बाई अशी हसली, अशी हसली, की पुरुषसुद्धा मागे वळून पाहू लागले. लाज सोडलेली मेली.

दुसरं. भाऊजींनी तुळशीचं चाणजे गावी ठरवलं आहे. मुलगा मिठागरावर मुकादम आहे, चांगला आहे, नाव ठेवायला जागा नाही. लग्न वैशाखात. मला विचारलं नाही, सांगितलं. मी ताटावरून उठले, तेवढंच माझ्याने झालं. तेव्हा पुण्याची चौकशी आता राहू दे.

सगुणा


परळ
ता. २१ फेब्रुवारी १९३६

ती. बायला नमस्कार,

पत्राखाली नुसतं 'सगुणा' वाचलं आणि जेवण गेलं नाही.

शिव्या दे, पण आधी माझं ऐक. मी गुरुजींना हसलो नाही. आप्पाच्या भुतात एक तरी वाईट गोष्ट आहे का, सांग. तो कोणाचा गळा धरत नाही, रक्त पीत नाही. तो बिचारा फक्त माणसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून बसला आहे. त्याला पाहून जे दचकतात, ते दिलेला शब्द आठवून दचकतात. भीती आहे ती तिथे आहे, आणि हसूही तिथेच आहे. कान आमटीत पडतो ते भयंकर आहे, मला मान्य. पण घरातल्या माणसाचा कान ताटात पडला तरी आमटीचीच काळजी करणारी माणसं त्याहून भयंकर नाहीत का? हे मी सरळ सांगितलं असतं तर ते कीर्तन झालं असतं, आणि कीर्तनात लोक माना डोलावतात नि घरी जाऊन झोपतात.

इकडेही तेच रण माजलं आहे. एका वर्तमानपत्राने मला धर्मबुडव्या म्हटलं, दुसऱ्याने नव्या दमाचा लेखक. मालक पहिल्याचं कात्रण खिशात घेऊन फिरतात आणि माझ्याकडे असे पाहतात, की पुढचा बोलपट देवादिकांचाच, हे मी समजावं.

पण बाय, ती हसलेली बाई कोण? लाज सोडलेली म्हणतेस! अगं, त्या सगळ्या तंबूत तिला एकटीलाच माझा बोलपट समजला. तिचं नाव शोधून काढ. मी उरणला आलो की तिच्या पायांवर डोकं ठेवणार आहे.

आणि तुळशीचं हे मी ऐकून घेणार नाही. विठोबादादांनी बोलपट पाहिला की नाही? काय म्हणाले? खरं सांगतो, त्या भावाचं सोंग मी त्यांच्यासाठीच लिहिलं. वाटलं, तोंडावर बोलायची आपली छाती नाही, निदान पडदा बोलेल.

तुझा
दत्तू


केगाव
ता. ३ मार्च १९३६

चि. दत्तूस आशीर्वाद. या खेपेला खरे.

एवढं पान भरून समजावून सांगावं लागतं, तो विनोद कसला रे? पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पायांवर डोकं ठेवायला उरणपर्यंत जायला नको. ती बाई मी.

रागाने पत्र लिहिलं ते तुझ्यावरच्या नव्हे, माझ्यावरच्या रागाने. विधवा बाई दहाव्याच्या सिनेमाला हसली, असं गावभर झालं आहे. जाऊबाई केसरबाई म्हणाल्या, "सगुणे, सोमवार धर, न्हायतर पाप लागंल." पण मी कशाला हसले ते ऐक. ते भूत दारात आलं, बायको म्हणाली, आता काय राहिलं तुमचं? आणि त्याने उत्तर द्यायच्या आधी नाकातला कापूस दोन बोटांनी नीट वर सारला. दत्तू, हे चष्मा तस्साच वर सारायचे. आधी चष्मा, मग उत्तर. तू त्या नटाला ते शिकवलंस ना? दोन वर्षं मी यांच्या तसबिरीला हार घालते आहे. त्या तसबिरीतला माणूस मला कधी ओळखीचा वाटला नाही. तंबूत मात्र माझा नवरा दारात येऊन उभा राहिला, तसाच हट्टी, तसाच अदबशीर, आणि मला हसू फुटलं. मग रडूही फुटलं, पण ते कोणाला दिसलं नाही. रडणाऱ्या विधवेकडे कोण वळून बघतं?

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. भाऊजींनी बोलपट पाहिला. आवडला म्हणून पुन्हा पाहिला. पुरुषांत सगळ्यात मोठ्याने तेच हसतात. तो भाऊ पडद्यावर आला की मांडी थोपटून म्हणतात, "काय हलकट मानूस हाय रं! असा भाव कुनाला नको." घरी येऊन पोरांना त्याची नक्कल करून दाखवतात, छाती पिटून, डोळे पुसून. तुळशी त्यांना पाणी नेऊन देते आणि उभी राहून बघते. काल रात्रीचं जेवण झाल्यावर मला म्हणाली, "आई, काकांना खरंच कळत नाही, की ते नाटक करतात?"

चाणज्याची माणसं साखरपुड्याला येऊन गेली.

तुझी
बाय


परळ
ता. ९ मार्च १९३६

ती. बाय,

तुला दंडवत. नटाला चष्मा मीच शिकवला. तुझ्याशिवाय तो कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि आता येऊही नये.

विठोबादादांचं वाचून मात्र मी डोक्याला हात लावला. आंधळ्यापुढे आरसा धरला की मी! ज्याच्यासाठी लिहिलं तोच मांडी थोपटतो, मग हा धंदा करायचा कशाला? मालकांना आज सांगून टाकलं, देवादिकांचा लिहीन. त्यांनी चहा मागवला.

मी या आठवड्यात मोरा बंदराच्या लाँचने येतो आणि त्यांना सगळ्यांसमोर सांगतो, की तो हलकट मानूस तुम्हीच. ऐकलं नाही तर तुळशीला घेऊन सरळ मुंबईला येतो. पुढचं पुढे.

दत्तू


केगाव
ता. २९ मार्च १९३६

चि. दत्तूस अनेक आशीर्वाद,

मी तार केली म्हणून तू आला नाहीस, ते फार बरं केलंस. आला असतास तर दोन तोंडं फुटली असती आणि पोर तिथेच राहिली असती. आता शांत बस आणि वाच.

मधल्या आळीतले शिवदास म्हातारे वारले. दहाव्याला पिंड मांडला, कावळे भरपूर, पण एक शिवेल तर शपथ. उन्हं चढली. एरवी अशा वेळी कोणीतरी पुढे होऊन काहीबाही कबूल करतं आणि सुटका होते. पण तंबूत सगळ्यांनी तुझा पाहुणा पाहिलेला! मुलं एकमेकांकडे बघत उभी, जावई पायातला काटा शोधतो आहे, कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. बोलावं आणि म्हातारा खरंच जेवायला आला तर? भागुबाई, त्यांची बहीण, ओरडली, "अरं, कुनीतरी खोटं तरी बोला!" शेवटी धाकट्या सुनेने हळूच सांगितलं, "मामंजी, तुमच्या गाईला मी रोज पानी दाखवीन. त्याच्यापरीस जास्ती माझ्यानं व्हायचं न्हाय." कावळा आला की नाही, यावर अजून वाद आहे. काही म्हणतात आला, काही म्हणतात भटजींनी दर्भाचाच लावला.

झालं. चांगदेव भगताला हेच हवं होतं. देवळापुढे गाव बसवला. म्हणाला, या सिनेमानं मेलेली मानसं बिथरली, तंबू उठवा, मामलेदाराला अर्ज करा. अर्धे त्याच्या बाजूचे, अर्धे म्हणत होते, भगताचं दुकान बसलं म्हणून तो ओरडतो. आम्ही बायका पारामागे बसलो होतो. तुळशी माझ्या शेजारी.

कोणीतरी म्हणालं, विठोबाला विचारा, त्याला लई आवडलाय. भाऊजी खुशीत उभे राहिले. मी तुला जसंच्या तसं लिहिते.

"आरं, तुमाला कललंच न्हाय," ते म्हणाले. "त्यात मेलेल्याला कोन हसतंय? मेलेला तर देवमानूस हाय. हसायचं हाय त्याच्या भावाला. मी सांगतो कसं ते. पिंडासमोर हुबा ऱ्हाला, छाती पिटली, बोलला, पोरीचं मी बघतो. आता तवा तो खोटं बोलत व्हता का? न्हाय. तवा त्याला खरंच वाटत व्हतं. मग घरी आला, जेवला, मिठागर हाय, पाऊस हाय, कामं हायेत. एक वरीस गेलं. मग त्याला वाटलं, शब्द काय, कावल्याला दिला व्हता, कावला तर उडून गेला. आनि मंग त्यानं पोरीचं..."

इथे ते थांबले.

मला आधी वाटलं, ठसका लागला. हात तसाच वर राहिला होता. भागुबाईला गोष्ट अर्धी सोडलेली आवडत नाही. ती म्हणाली, "पोरीचं काय केलं रं त्यानं? मी न्हाय बघितला सिनेमा." भाऊजींनी पाराकडे पाहिलं. माझ्याकडे नव्हे, तुळशीकडे. तिने मान खाली घातली नाही. मला तिचा हात धरावासा वाटला, पण मी हलले नाही.

"बसा," ते म्हणाले. "माझं झालं." आणि खांद्यावरचं फडकं सावरत घरी निघून गेले.

चांगदेवच्या माणसांना वाटलं विठोबा फुटला, आपण जिंकलो. दुसऱ्यांना वाटलं आपण. भांडता भांडता अर्ज लिहायचं राहूनच गेलं. तंबू अजून उभा आहे.

पुढचे काही दिवस भाऊजी घरात कोणाशी बोलले नाहीत. नक्कल बंद. केसरबाईंना वाटलं बाहेरचं काही लागलं, त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मग काल सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून चाणज्याला गेले आणि दुपारी उन्हातून परत आले. ओटीवर बसून भिंतीकडे बघत म्हणाले, "सांगितलं त्यांना. पोर अजून शिकायची हाय. त्यांनी रागं भरलं, भरू दे." मग मोठ्याने, "तुलशे, पुन्याला काय काय लागतं त्ये लिवून काढ!"

तुळशी आत चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावरच करपवली.

तुझी
बाय


परळ
ता. ३ एप्रिल १९३६

ती. बाय,

जिंकलो! तुझं पत्र मी कंपनीत मोठ्याने वाचून दाखवलं. साउंडवाला रडला, मालकांनी कात्रण फाडलं. देवादिकांचा करार मी परत केला आहे.

काय उघडा पडला गं तो माणूस! सगळ्या गावासमोर, आपल्याच तोंडाने! मी असा प्रसंग लिहिला असता तर लोक म्हणाले असते, ओढूनताणून आणला. आता पुढचा बोलपट यावरच. पारावर उभा असलेला ढोंगी भाऊ, बोलता बोलता त्याची जीभ टाळ्याला चिकटते, आणि सगळा गाव हसतो. कसं वाटतं?

कॉलेजची जागा पक्की झाली. मे अखेरीला तुळशीला इकडे धाड. पाऊस लागून लाँच बंद व्हायच्या आत निघायला हवं. मी पुण्याला पोचवतो.

तुझा विजयी
दत्तू


केगाव
ता. १ जून १९३६

चि. दत्तूस आशीर्वाद,

मधे उत्तर लिहिलं नाही. घरात शिवणकाम चालू होतं, आणि तुझ्या विजयाचा मला थोडा राग आला होता.

आज सकाळी तुळशी मोऱ्याहून निघाली. तिच्याबरोबर भाऊजी आहेत. मी म्हटलं होतं, दत्तू धक्क्यावर येईल, ती जाईल एकटी. ऐकलं नाहीत. तुझ्याकडे उतरतील आणि पुण्यापर्यंत जातील. हे पत्र उद्या तुला मिळेल, तेव्हा ते तुझ्या खोलीत बसलेले असतील. ते आंघोळीला गेले की वाच.

तो पारावरचा बोलपट लिहू नकोस. गाव हसला नव्हता, दत्तू. कोणीच हसलं नव्हतं. तू तिथे नव्हतास म्हणून तुला तसं दिसलं. त्या घटकेला तिथे बसलेल्या प्रत्येकाला आपापला कुठला तरी शब्द आठवत होता. मलाही आठवला. यांना मी म्हटलं होतं, तुमच्यामागे वाचन सोडणार नाही, आणि पुस्तकांची पेटी मी तेव्हापासून उघडली नाही. आता उघडली आहे. वाळवी लागलेली नाही.

आणि भाऊजी ढोंगी नाहीत. तळ्यावर ते रडले तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. माणूस तेव्हा खरा होता. तुझ्या सिनेमातला भाऊ पहिल्यापासून लबाड आहे, म्हणून तर भाऊजींना तो आपला वाटलाच नाही! खरा असतो आणि मग विसरतो, असा भाऊ तू लिहिला असतास, तर ते पहिल्याच खेळात उठून गेले असते. मला सिनेमातलं काही कळत नाही, पण एवढं कळतं.

मोऱ्याला लाँचपर्यंत नेणाऱ्या होडीची वाट बघत उभे होतो. तुळशी पुढे जाऊन नावाड्याशी बोलत होती. भाऊजींनी बराच वेळ बोटाने धक्क्याच्या दगडावरचं मीठ खरवडलं. मग वर न बघता म्हणाले, "सगुणा, मी तंबूत हसत व्हतो, तवा तो मला हसत असंल का गं?"

'तो' म्हणजे कोण, ते मला कळलं. मी नाही म्हणाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ह्यांना मी ओळखते.

"हसले असतील, भाऊजी," मी म्हटलं. "पण तुम्हाला शेजारी बसवून."

तुळशीची पेटी जड होती, हमाल मागत होता. भाऊजींनी त्याला बाजूला सारलं, पेटी स्वतः खांद्यावर घेतली आणि गुडघाभर पाण्यातून होडीकडे चालू लागले.

तुझी
सगुणाबाय